मेंदूचें चित्र आणि व्यसनाचें चरित्र

व्यसनी माणसासंबंधीं समाजानें आजवर तीन निवाडे दिले आहेत. धर्मानें त्याला पापी ठरविलें, कायद्यानें व लोकनीतीनें दुर्बल किंवा दुष्ट ठरविलें, आणि वैद्यकानें रोगी ठरविलें. हे तिन्ही निवाडे अद्यापि एकाच घरांत एकाच वेळीं नांदतांना दिसतात. बाप एक म्हणतो, आई दुसरें म्हणते आणि डॉक्टर तिसरें सांगतो. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तिसऱ्या निवाड्याच्या बाजूनें एक नवा साक्षीदार उभा राहिला आहे, आणि त्याच्यापुढें बाकीचे पक्ष निरुत्तर झाल्यासारखे वाटतात. हा साक्षीदार म्हणजे मेंदूचें रंगीत चित्र. डावीकडे निरोगी माणसाचा मेंदू, लाल-पिवळ्या तेजानें उजळलेला. उजवीकडे कोकेन घेणाऱ्याचा मेंदू, निळसर व विझत चाललेला. खालीं दोन ओळींची माहिती. एवढ्यावर सामान्य वाचक मान डोलावतो, कारण डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीशीं वाद कोण घालणार?

या विषयांत बोलण्याचा पहिला अधिकार मेंदूच्या शास्त्रज्ञांचा आहे. जन्मभर इंग्रजी काव्य-नाटकें शिकविणाऱ्या प्राध्यापकानें त्यांत कां पडावें, अशी शंका येणें साहजिक आहे. तिचें उत्तर असें कीं, प्रयोगशाळेंतलें चित्र जेव्हां मासिकांत, न्यायालयांत आणि शेवटीं दिवाणखान्यांत येऊन पोंचतें, तेव्हां लोक तें एखाद्या कथेप्रमाणें वाचूं लागतात; आणि जें वाचलें जातें त्याचें परीक्षण करणें हें टीकाकाराचें कामच आहे. आपल्या साहित्यशास्त्रानें शब्दाच्या तीन शक्ति सांगितल्या आहेत: अभिधा, लक्षणा व व्यंजना. तोच मापदंड या चित्रास लावला, तर त्यानें उघड सांगितलेलें किती आणि नुसतें सूचित केलेलें किती, याचा हिशेब मांडतां येतो. माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे: या चित्रांची अभिधा खरी व मोलाची, पण मर्यादित आहे, त्यांची व्यंजना मात्र अमर्याद असून तिचा बराचसा भाग शास्त्रानें कधीं सांगितलेलाच नाहीं.

प्रथम हें चित्र तयार कसें होतें तें पाहूं. मेंदूचें कार्य टिपण्याच्या दोन रीती मुख्य आहेत. पहिलीस 'पेट' म्हणतात. तींत अल्पायुषी किरणोत्सर्गी अणु जोडलेलें एखादें द्रव्य शिरेंतून देतात व तें मेंदूंत कोठें किती सांचलें तें बाहेरून मोजतात. फ्लुओरीन-१८ जोडलेली साखर दिली, तर कोणता भाग किती साखर खपवितो तें कळतें. या अणूचें अर्धायुष्य सुमारें ११० मिनिटांचें आहे. कार्बन-११ जोडलेलें रॅक्लोप्राइड दिलें, तर तें डोपामीन या रसायनाच्या विशिष्ट ग्राहकांना जाऊन चिकटतें, आणि त्या ग्राहकांपैकीं किती मोकळे आहेत याचा अंदाज करतां येतो. येथें अर्धायुष्य अवघें २० मिनिटांचें, म्हणून द्रव्य तयार करणारें यंत्र शेजारींच असावें लागतें. दुसरी रीत चुंबकाची. मेंदूचा एखादा भाग काम करूं लागला कीं तिकडे प्राणवायुयुक्त रक्ताचा ओघ वाढतो, आणि प्राणवायु असलेल्या व नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असतात. या भेदाचा उपयोग करून चित्र घेतां येईल हें सेइजी ओगावा यांनीं १९९० सालीं दाखवून दिलें. तेव्हां यंत्र मोजतें तें रक्त, साखर किंवा ग्राहकांची संख्या. इच्छा, मोह, पश्चात्ताप यांतील कांहींच यंत्रास दिसत नाहीं. तें आपण मागाहून जोडतों.

यावरून हें लक्षांत येईल कीं, ज्याला आपण मेंदूचा फोटो समजतों तो वस्तुतः आंकड्यांचा नकाशा आहे. बहुधा तो एका माणसाचाहि नसतो; दहा-वीस जणांच्या मापांची सरासरी काढून, तींतून दुसऱ्या गटाची सरासरी वजा करून, उरलेल्या फरकास रंग दिलेला असतो. कोणत्या फरकास लाल म्हणावयाचें आणि कोणता फरक दाखवावयाचाच नाहीं, हें संशोधक ठरवितो. या निवडींत हलगर्जीपणा झाल्यास काय होतें, याचें एक विनोदी पण बोधप्रद उदाहरण अमेरिकेंत क्रेग बेनेट व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं पुढें मांडलें. त्यांनीं एक मेलेला सामन मासा यंत्रांत ठेवला, त्याला माणसांचीं चित्रें दाखविलीं, आणि चित्रांतील माणसांच्या भावना ओळखण्याचें काम त्याच्याकडे सोंपविलें! एकाच वेळीं हजारों ठिकाणें तपासतांना गणितांत जी दुरुस्ती करावी लागते ती वगळली, तर त्या मृत माशाच्या मेंदूंतहि एक ठिपका चमकतांना दिसला. दुरुस्ती करतांच तो नाहींसा झाला. या प्रयोगास २०१२ सालीं हास्याचें इग नोबेल पारितोषिक मिळालें. त्यामुळें सारें शास्त्र खोटें ठरत नाहीं; गणित सांभाळून काढलेलीं चित्रें विश्वसनीयच असतात. परंतु रंग म्हणजे पुरावा नव्हे, पुराव्याचा अलंकार आहे, एवढें या माशानें शिकविलें.

आतां अभिधेकडे वळूं. अमेरिकेंतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेंत नोरा व्होल्कोव यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं असें दाखविलें कीं, कोकेनच्या आहारीं गेलेल्यांच्या मेंदूंत, स्ट्रायेटम नांवाच्या खोल भागांत, 'डी-टू' प्रकारचे डोपामीन-ग्राहक सामान्य माणसापेक्षां कमी आढळतात. आणि जेथें ते कमी, तेथें कपाळामागील, म्हणजे विवेक व आवर यांच्याशीं संबंध असलेल्या भागाचें कार्यहि मंद आढळतें. १९९७ सालीं त्यांनींच असें दाखविलें कीं, उत्तेजक औषध दिलें असतां या माणसांच्या मेंदूंत डोपामीनची जी लाट उठते ती इतरांपेक्षां लहान असते. त्यांना सुखहि कमी जाणवतें. २००६ सालच्या प्रयोगांत कोकेनची प्रत्यक्ष पूड न देतां केवळ ती ओढणाऱ्यांचीं चित्रें दाखविलीं, आणि तेवढ्यानें डोपामीन हललें. ज्याची ओढ अधिक, त्याचें अधिक हललें.

एवढी अभिधा. ती लहान नाहीं. तिच्यांतून एक विलक्षण गोष्ट बाहेर येते: व्यसनी माणसास सुख अधिक मिळतें म्हणून तो प्याल्याकडे धांवतो, हा लोकांचा समज चुकीचा आहे. सुख घटत जातें आणि ओढ वाढत जाते. आवडणें व हवें असणें या मेंदूंतल्या दोन निराळ्या वाटा आहेत, हें केंट बेरिज व टेरी रॉबिन्सन यांनीं १९९३ सालापासून सांगितलेलें सूत्र. चित्रांनीं त्यास बळकटी आणली. "इतकें वाईट आहे तर सोडीत कां नाहीं?" हा प्रत्येक घरांत विचारला जाणारा प्रश्न यामुळें निराळा दिसूं लागतो. जें आवडेनासें झालें तेंच हवेंसें वाटत राहावें, हीच या आपत्तीची घडण आहे.

पण चित्र येथें थांबत नाहीं. म्हणजे वाचक थांबत नाहीं. डावी-उजवीकडील दोन मेंदू पाहतांच त्याच्या मनांत एक वाक्य तयार होतें: "कोकेननें हें असें केलें." ही पहिली व्यंजना, कारणाची. चित्र मात्र फक्त फरक सांगतें. तो फरक आधींचा कीं नंतरचा, हें त्याला ठाऊक नसतें. केंब्रिज येथें कारेन अर्शे यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं भावंडांच्या ५० जोड्या तपासल्या; प्रत्येक जोडींत एक व्यसनी, दुसरें निर्व्यसनी. दोघांच्याहि मेंदूंच्या रचनेंत सारखेच विशेष सांपडले, आणि हातून सुटूं पाहणारी क्रिया ऐन वेळीं थांबविण्याच्या चांचणींत दोघेंहि कच्चीं ठरलीं. म्हणजे आपण ज्याला व्यसनाची खूण समजलों होतों, ती खूण अंगावर वागवून एक भावंड आयुष्यांत सरळ चाललें होतें. तें कशाच्या बळावर, हें त्या चित्रांत नाहीं.

याहून मार्मिक प्रयोग माकडांवरचा आहे. ड्रेक मॉर्गन, मायकेल नेडर व त्यांचे सहकारी यांनीं २० माकडें प्रथम एकएकटीं ठेविलीं व नंतर चार-चारांच्या टोळ्या केल्या. प्रत्येक टोळींत लौकरच उच्च-नीच ठरलें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: जीं माकडें वरचढ झालीं त्यांच्या मेंदूंत डी-टू ग्राहकांचें माप वाढलें, आणि त्यांना कोकेनचें आकर्षण फारसें राहिलें नाहीं; जीं दबून राहिलीं त्यांचें माप वाढलें नाहीं, आणि तीं कोकेन स्वतः होऊन घेत राहिलीं. एकएकटें असतांना त्यांच्यांत हा फरक नव्हता. तेव्हां मेंदूचें चित्र हें मेंदूचेंच असलें तरी त्यांत टोळीचाहि हात असतो. मान, अपमान, सत्ता, लाचारी, यांचा लेख रसायनाच्या लिपींत उमटतो. माकडावरून माणसाविषयीं एकदम बोलूं नये, हें खरें. पण रसायन म्हटलें कीं समाज सुटला, असें मानणाऱ्यांनीं तरी हा प्रयोग विसरूं नये.

दुसरी व्यंजना कायमपणाची. १९८७ सालीं अमेरिकेंत दूरदर्शनवर एक जाहिरात गाजली: अंडें म्हणजे तुमचा मेंदू, तापलेला तवा म्हणजे मादक द्रव्य, आणि तव्यावर चरचरणारें अंडें म्हणजे परिणाम. रूपक म्हणून तें प्रभावी, यांत वाद नाहीं. पण तळलेलें अंडें पुन्हा कच्चें होत नाहीं, आणि हीच त्या रूपकांतील विषारी सूचना होय. वस्तुस्थिति काय आहे? व्होल्कोव यांनींच २००१ सालीं मेथअँफेटामीन सोडलेल्या पांच जणांचीं चित्रें, व्यसन सुटल्यावर थोड्याच दिवसांनीं आणि पुन्हा बारा ते सतरा महिन्यांनीं, अशीं दोनदां घेतलीं. डोपामीन परत उचलून नेणाऱ्या रेणूंचें घटलेलें माप दुसऱ्या चित्रांत पुष्कळसें भरून आलेलें होतें. स्मृति व हालचाल यांच्या चांचण्यांत मात्र तेवढी सुधारणा दिसली नाहीं. म्हणजे आशाहि खरी आणि नुकसानहि खरें. यांपैकीं पहिलें चित्रच तेवढें छापावयाचें कीं दोन्ही, हा निर्णय शास्त्राचा राहत नाहीं, संपादकाचा होतो.

आणखी एक जुना दाखला याच संदर्भांत आठवतो. व्हिएतनामच्या युद्धांतून १९७१ सालीं परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या बाईंनीं केला. तेथें असतांना सुमारें शेंकडा २० सैनिक अफूजन्य द्रव्यांच्या, मुख्यतः हेरॉइनच्या, पुरतें अधीन झाले होते. घरीं परतल्यावर पहिल्या वर्षांत त्यांच्यापैकीं सुमारें शेंकडा ५ जणच पुन्हा अधीन झाले. रणभूमि सुटली, सोबती बदलले, घर व काम मिळालें, आणि जें व्यसन असाध्य म्हणून ऐकलें होतें तें बहुतेकांच्या हातून सुटलें. त्या काळीं त्यांच्या मेंदूंचीं चित्रें काढण्याची सोय असती, तर त्यांतहि कांहीं फरक खचित दिसला असता. पण त्या फरकावरून त्यांचें भवितव्य कोणी वर्तविलें असतें, तर तें बहुधा चुकलें असतें.

या दोन्ही व्यंजनांना शास्त्रज्ञांनीं स्वतः थोडाफार हातभार लावला आहे. १९९७ सालीं अमेरिकेच्या मादक द्रव्य संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक अॅलन लेश्नर यांनीं 'सायन्स' या नियतकालिकांत, व्यसन हा मेंदूचा रोग आहे, असा प्रख्यात लेख लिहिला. त्यामागील हेतु स्तुत्य होता: व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजीं दवाखाना मिळावा, शिव्यांऐवजीं औषध मिळावें. तो हेतु कांहीं अंशीं सफळहि झाला. उलट बाजूनें, जीन हेमन यांनीं २००९ सालच्या आपल्या ग्रंथांत व्यसन हा निवडीचाच बिघाड असल्याचें प्रतिपादन केलें. आणि स्वतः एके काळीं व्यसनांत सांपडलेले मेंदुशास्त्रज्ञ मार्क लुइस यांनीं २०१५ सालीं असें मांडलें कीं, मेंदूंत दिसणारे हे बदल म्हणजे अतिशय खोलवर झालेलें एक प्रकारचें शिक्षण आहे. वाद अजून मिटलेला नाहीं. पण सामान्य कुटुंबाच्या दृष्टीनें एक गोष्ट महत्त्वाची आहे. मानसिक आजारांविषयींच्या अनेक अभ्यासांचें एकत्रित परीक्षण २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचा निष्कर्ष असा कीं, शारीरिक कारण सांगितलें असतां लोक रोग्याला दोष कमी देतात, परंतु तो बरा होईल ही त्यांची आशाहि कमी होते. दोष गेला आणि त्याबरोबर आशाहि गेली, तर तो व्यवहार आपणांस परवडेल काय?

या प्रश्नाचा विचार करतांना मला आपल्या रंगभूमीवरील एका नाटकाकडे वळावें लागतें. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्यें वारले आणि पुढच्याच महिन्यांत 'एकच प्याला' रंगभूमीवर आलें. मेंदूंत डोकावण्याचें कोणतेंहि साधन त्या काळीं नव्हतें. तरीहि सुधाकराच्या ऱ्हासाची मांडणी पाहिली, म्हणजे वर सांगितलेल्या अभिधेंतला बहुतेक आशय तेथें सांपडतो. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयांत अपमान होतो, सनद कांहीं काळ काढून घेतली जाते, आणि त्या जखमेवर उपाय म्हणून तळीराम प्याला पुढें करतो. म्हणजे प्रारंभ सुखाच्या शोधांतून होत नाहीं. टोळींत खालीं पडलेल्या जीवाच्या वेदनेंतून होतो. पुढें तो व्यसनाच्या एकेक पायरीचें असें विश्लेषण करतो कीं, त्याला आपली अवस्था समजत नाहीं असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. समजतें, आणि तरी सुटत नाहीं. ज्ञान व आवर यांची ही फारकत गडकऱ्यांनीं शब्दांत दाखविली. यंत्रानें तिचा पत्ता सांगितला.

पण नाटक येथें चित्राच्या पुढें जातें. सुधाकर एकदां दारू सोडण्याचा निश्चय करून कामासाठीं दारोदार हिंडतो, आणि प्रतिष्ठित लोक त्याला उभें करीत नाहींत. तो पुन्हा पितो. त्याच नाटकांत भगीरथहि पिणारा आहे. प्रेमभंगानें या वाटेला लागलेला. त्याला रामलाल आपुलकीनें हांक मारतो, आयुष्याला लावण्याजोगें कार्य दाखवितो, आणि तो सुटतो. एका बाजूनें नाटकाचें नांव व सुधाकराचा शेवट सांगतात कीं, पहिल्या प्याल्यानंतर परत वाट नाहीं. दुसऱ्या बाजूनें भगीरथ मुकाट्यानें त्या सिद्धांताचें खंडन करीत रंगभूमीवर वावरत असतो. लेश्नर व हेमन यांच्यांतला वाद गडकऱ्यांनीं दोन पात्रांत विभागून ठेवला होता, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. प्रेक्षकांनीं मात्र शंभर वर्षें सुधाकरच लक्षांत ठेवला. पतन हें नेहमीं सुटकेपेक्षां अधिक नाट्यमय असतें; विझलेला निळा मेंदू जसा भरून आलेल्या मेंदूपेक्षां अधिक छापला जातो, तसेंच हें आहे.

नाटकाचा दोषहि सांगितला पाहिजे. सिंधूच्या सहनशीलतेला गडकऱ्यांनीं इतकें उंच नेऊन बसविलें आहे कीं, नवऱ्याच्या व्यसनावर बायकोचें सोसणें हेंच जणूं औषध, असा समज पिढ्यान् पिढ्या पसरला. तें सोसणें सुधाकराला वांचवीत नाहीं, आणि सिंधूचा व तिच्या मुलाचा बळी जातो, ही गोष्ट प्रेक्षक डोळे पुसतांना विसरतो. पण सिंधु तेथें आहे तरी! ती दळण दळते, अन्न मिळवते, आणि व्यसनाची खरी किंमत कोण भरतो हें आपणांस दिसतें. त्या यंत्रांत एकच डोकें मावतें. त्या डोक्याभोंवतीं जागणारी माणसें, गहाण पडलेले दागिने, शाळेंतून काढलेलीं मुलें, यांचा एक कणहि चित्रांत उमटत नाहीं. म्हणून व्यसनाचें चित्र पूर्ण झालें असें त्यावरून कधींहि समजूं नये.

मग या चित्रांचा उपयोग काय? उपयोग पुष्कळ आहे, आणि तो नाकारणें हा करंटेपणा ठरेल. २००७ सालीं नासिर नक्वी, अँटोइन बेचारा व त्यांचे सहकारी यांनीं मेंदूस इजा झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास केला. इन्सुला नांवाच्या भागास इजा झालेल्या १९ जणांपैकीं १२ जणांची सिगरेट जवळजवळ अनायासें सुटली होती; ओढच उरली नव्हती. अशा शोधांतून उद्यां उपचार निघूं शकतील. परंतु आज एखाद्या विशिष्ट माणसाच्या मेंदूचें चित्र पाहून तो व्यसनी आहे कीं नाहीं, हें कोणताहि डॉक्टर ठरवीत नाहीं. २०१३ सालीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनीं निश्चित केलेल्या निदानाच्या ११ कसोट्या पाहा: ठरविल्यापेक्षां अधिक घेणें, सोडण्याचे प्रयत्न फसणें, घरचें व कामाचें कर्तव्य चुकणें, धोका दिसत असूनहि घेत राहणें, इत्यादि. या साऱ्या कसोट्या माणसाच्या चरित्रांतल्या आहेत. त्यांना उत्तर द्यावयास माणूस लागतो, आणि बहुधा त्याच्या घरचींहि माणसें लागतात. पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें 'मुक्तांगण' सुरू केलें, तें याच चरित्राच्या पुनर्लेखनाचें काम होतें. भगीरथाचा मार्ग म्हणजे तरी दुसरें काय?

यापुढें असें एखादें चित्र समोर आलें, तर वाचकांनीं त्यास तीन प्रश्न विचारावे. हें कोणा एकाचें आहे कीं अनेकांच्या सरासरीचें? हा फरक व्यसनापूर्वींचा आहे कीं नंतरचा? आणि वर्षभरानंतरचें चित्र कोठें आहे? या प्रश्नांची उत्तरें मिळाल्यावर जें उरेल तें नम्रपणें स्वीकारावें. चित्रानें आपणांस क्षमा शिकविली आहे, आणि ती आपल्या समाजास हवीच होती. परंतु क्षमा करतांना त्या माणसाच्या हातीं कांहींच उरलें नाहीं असें मात्र कोणी मानूं नये. कारण उद्यां सकाळीं उठून पहिला नकार त्यालाच द्यावयाचा असतो, आणि तो देण्याची उमेद त्याला घरांतून व समाजांतूनच मिळावयाची असते.